टिकलीचा आवाज

"काका, आवाज जरा वेगळा वाटतोय का हो तुम्हाला?"

तीन नंबरच्या प्रेसवरची बाई हे विचारत होती ती अगदी डॉक्टरांच्या कानाशी येऊन, कारण त्या शेडमध्ये सहा प्रेस एकदम चालू असल्या की हातभर अंतरावरचं बोलणंही वाया जायचं. डॉक्टर थांबले. हातातला पाना त्यांनी खिशात सरकवला, डोळे मिटले आणि मान किंचित डावीकडे कलती केली. ही त्यांची उभं राहण्याची तऱ्हा अख्ख्या कारखान्याला ठाऊक होती. ते असे उभे राहिले की आजूबाजूची माणसं आपोआप हळू चालत.

प्रेसचा जड ठोका त्यांना नीट ऐकू येत होता. मिनिटाला दोनशे चाळीस ठोके, एकही मागे-पुढे नाही. खाली पायांना जमिनीची थरथर नेहमीसारखीच लागत होती.

"नाही गं, बरोबर आहे," ते म्हणाले. "चालू दे."

तिने क्षणभर प्रेसकडे पाहिलं, मग मान डोलावली आणि ती आपल्या जागेवर जाऊन बसली. डॉक्टरही पुढे गेले. एवढंच घडलं. बुधवार होता, जेवणाच्या सुट्टीला अजून तासभर होता.

डॉक्टर काही खरेखुरे डॉक्टर नव्हते. एकतीस वर्षांपूर्वी ते या कारखान्यात डाय, म्हणजे प्रेसमध्ये बसणारे साचे, दुरुस्त करायला लागले आणि पहिल्या दोन-तीन वर्षांतच कोणीतरी त्यांना हे नाव चिकटवलं, कारण ते डायची नाडी नुसत्या आवाजावरून ओळखत. बाकीचे लोक डाय उतरवून, खोलून, भिंगाखाली धरून दोष शोधायचे. हे लांबूनच सांगायचे, की चौथ्या घरातला पंच बोथट झालाय, किंवा पट्टी पुढे सरकताना केसभर कमी सरकतेय. डाय खोलली की तसंच निघायचं. सुरक्षेचा नियम म्हणून प्रत्येकाला कानात घालायला बोळे मिळत. डॉक्टरांनी ते कधीच घातले नाहीत. कोणी टोकलं तर म्हणायचे, "पेशंट बोलत असताना डॉक्टरनं कान बंद करून बसायचं का?" लोक हसायचे, आणि विषय तिथेच संपायचा.

तीन नंबरची डाय ही त्यांची सगळ्यात लाडकी. एका लांब पोलादी पेटीसारखी, आत ओळीने अकरा घरं. तांब्याच्या जातीची पातळ पट्टी गुंडाळीतून सुटून एका बाजूने आत जायची, दर ठोक्याला बारा मिलिमीटर पुढे सरकायची. पहिल्या घरात पंचाने भोक पडायचं, पुढच्यात कडा कापली जायची, मग आणखी एक खाच, मग एक वाक, मग दुसरा वाक, आणि अकराव्या घरातून नखाएवढी तयार स्प्रिंग ट्रेमध्ये पडायची. गाडीच्या ब्रेकचा दिवा लावणाऱ्या बटणात ती बसायची. प्रत्येक ठोक्याला एक. डॉक्टरांनी एकदा घरी बायकोला ती स्प्रिंग दाखवली होती. तिने ती तळहातावर घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "एवढ्याशासाठी एवढी मोठी मशीन?" डॉक्टरांना त्या दिवशी जरा राग आला होता. ती जाऊन आता चार वर्षं झाली होती आणि तो राग आठवला की त्यांना स्वतःचीच लाज वाटायची.

त्या बुधवारनंतर तीन आठवड्यांनी गिऱ्हाइकाकडून तक्रार आली. स्प्रिंगा वाकवलेल्या जागी तडकत होत्या. सगळ्या नाही, तीनशेत एखादी. पण ब्रेकच्या दिव्याच्या कामात तीनशेत एक म्हणजे काही थोडी नाही. अजून गाडीत एकही बसली नव्हती, तपासणीतच सापडली, म्हणून निभावलं. पण सगळा माल परत येणार होता, आणि गिऱ्हाइकाला दोन गोष्टी लेखी हव्या होत्या: हे कशामुळे झालं, आणि कोणामुळे झालं.

साहेबांनी सगळ्यांना तपासणीच्या खोलीत बोलावलं. साहेब चार वर्षांपूर्वी आलेले, वयाने डॉक्टरांहून वीस वर्षांनी लहान. माणूस वाईट नव्हता, पण त्यांना सोमवारपर्यंत गिऱ्हाइकाचा कागद भरून पाठवायचा होता. तडकलेली स्प्रिंग भिंगाखाली होती आणि समोरच्या पडद्यावर ती वीतभर मोठी दिसत होती. वाकाच्या अगदी जवळ एक अर्धगोल खड्डा होता.

डॉक्टरांना बघताक्षणी कळलं. पहिल्या घरात भोक पाडताना पट्टीतून एक गोल तुकडा निघतो. कारखान्यात त्याला टिकली म्हणत. ती खाली पडून जायला हवी. पण पंचाला नवी धार लावली असली आणि टोक फार गुळगुळीत झालं असलं, तर तेलामुळे ती पंचालाच चिकटून वर येते, पट्टीवर पडते आणि पुढच्या ठोक्याला तिथे खड्डा पाडते. खड्डा पडलेली जागा पुढच्या घरात वाकली की तडकते. टिकली दाबली जाताना प्रेसच्या ठोक्यात एक बारीक, कोरडा 'टिक्' असा आवाज मिसळतो. डॉक्टर स्वतःच सगळ्यांना शिकवायचे: टिक् ऐकली की आधी प्रेस बंद करा, मग मला बोलवा. प्रेसशेजारच्या फळ्यावर तसं लिहिलेलंसुद्धा होतं.

माल त्या बुधवारचा होता. त्याच दिवशी सकाळी डॉक्टरांनी पंचाला नवी धार लावून डाय चढवली होती. पंचाचं टोक गुळगुळीत राहिलं हे तर होतंच; पण तसं कोणाच्याही हातून होतं, म्हणून तर आवाज ऐकायचा.

साहेबांनी प्रेसवरच्या बाईला विचारलं, की चार तास ही गुंडाळी चालली, तुला आवाज बदललेला कळला नाही का?

ती टेबलाच्या कडेकडे बघत होती. नऊ वर्षं पॅकिंगच्या टेबलावर काढून दीड वर्षापूर्वी तिला प्रेस मिळाली होती. त्या शेडमध्ये प्रेसवर बसलेली ती पहिली बाई. प्रेस मिळाली त्या दिवशी तिने सगळ्यांना चहा पाजला होता.

"माझ्या लक्षात आलं नाही, साहेब," ती म्हणाली.

डॉक्टर तिच्या समोरच बसले होते. तिने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आणि डॉक्टर मूग गिळून बसून राहिले. पाच मिनिटांनी बैठक संपली. बाईला प्रेसवरून काढून पुन्हा पॅकिंगला बसवायचं, आणि लेखी ताकीद द्यायची, असं ठरलं. कागद सोमवारी निघणार होता. बैठकीचा दिवस गुरुवार होता.

त्या दुपारी सगळे जेवायला गेल्यावर डॉक्टर टूलरूममध्ये एकटेच थांबले. डबा उघडला नव्हता. त्यांनी ड्रॉवरमधून कार्बाइडचे, पोलादाहून कठीण अशा जातीचे, तीन जुने पंच काढले. कार्बाइडला चीर गेली आहे का, हे पाहायची त्यांची एक रीत होती: पंच दोन बोटांत सैल धरायचा आणि दुसऱ्या पंचाने त्याला हलकेच टिचकी द्यायची. धड असला तर तो काचेसारखा वाजतो, चिरलेला असला तर आवाज बसका येतो. डॉक्टरांनी टिचकी दिली. काहीच आलं नाही. वाटलं, हा चिरलेला असेल. दुसरा घेतला. मग तिसरा. तिन्ही मुके. त्यांनी पंच जोरात आपटला, तेव्हा बोटांना झिणझिण्या आल्या, पण कानांपर्यंत पोचली ती नुसती ठक्. शेड त्या वेळी बंद होती. पंखासुद्धा बंद होता.

ते स्टुलावर बसले. कधीपासून, हा प्रश्न त्यांना पडला आणि त्याचं उत्तर सापडेना. गेली दोन-तीन वर्षं ते डोळे मिटून, मान कलती करून उभे राहत होते आणि लोक त्यांचं ऐकत होते. कितीदा त्यांनी ऐकून सांगितलं होतं, आणि कितीदा नुसत्या अंदाजाने?

शुक्रवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून ते कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. काचेच्या खोलीत बसवून, डोक्याला यंत्र लावून, आवाज आला की बटण दाबायला सांगितलं. डॉक्टर बराच वेळ बटणावर बोट ठेवून बसले. शेवटी बाईंनी कागद समोर ठेवला. त्यावरची रेघ डाव्या बाजूला बरी चालली होती आणि मग कड्यावरून कोसळावी तशी खाली गेली होती. बाईंनी समजावलं, की जाड आवाज तुम्हाला येतात, माणसांचं बोलणंही बरंचसं येतं, त्यात तुम्ही ओठ बघून भर घालता. बारीक, उंच आवाज मात्र गेले. ते आता परत येणार नाहीत. यंत्र लावलं तर बोलण्याला मदत होईल.

"इतके दिवस घरी कोणाच्या लक्षात नाही आलं?" बाईंनी विचारलं. "टीव्ही मोठा लावता, हाक मारली तरी ओ देत नाही, असं कोणी म्हटलं नाही?"

"घरी मी एकटाच असतो," डॉक्टर म्हणाले.

बाईंनी कागदाच्या कडेला काहीतरी टिपलं. मग त्यांनी विचारलं, की दाराची बेल तरी ऐकू येते का? डॉक्टरांनी सांगितलं, की बेल वाजवायला येतंच कोण. ते हसून म्हणाले, पण घरी परतताना तेच वाक्य त्यांच्या डोक्यात घोळत राहिलं.

खरंच कोणी येत नव्हतं. बायको होती तेव्हा घरात माणसांचा राबता असायचा. ती गेल्यावर पहिलं वर्षभर लोक येत राहिले, मग हळूहळू थांबले. मुलगी लांबच्या शहरात, तिचा रविवारी सकाळी फोन यायचा. तो वाजला की टेबलावर थरथरायचा, म्हणून कळायचा. बाकीच्यांबद्दल डॉक्टरांनी मनाशी ठरवून टाकलं होतं, की लोक तिच्यासाठी यायचे, आपल्यासाठी नाही. वाईट वाटलं होतं ते फक्त समोरच्या मास्तरांचं. मास्तर शाळेतून निवृत्त झालेले. दर रविवारी चारच्या सुमाराला यायचे आणि दोघं बुद्धिबळ खेळायचे. मास्तर कच्चे खेळाडू होते, पण हरले तरी सगळा डाव पुन्हा मांडून आपण कुठे चुकलो ते शोधत बसायचे. तेही यायचे थांबले. डॉक्टरांनी दोन रविवार वाट पाहिली, मग पट उचलून कपाटावर ठेवला. आपण होऊन जायचं त्यांच्या मनात आलं नाही असं नाही, पण मानी स्वभाव आडवा आला. पुढे आठ महिन्यांपूर्वी मास्तर गेले, तेव्हा डॉक्टर त्यांच्या घरी जाऊन बसले होते. पण मनात अढी ठेवूनच.

जिना चढून ते आपल्या दारासमोर आले. किल्ली हातात होती. ती कुलपाला न लावता त्यांनी बेलचं बटण दाबलं आणि कान दिला. काही नाही. पुन्हा दाबलं, या वेळी जरा जास्त वेळ.

समोरचं दार उघडलं. मास्तरांच्या पत्नी, डॉक्टर त्यांना वहिनी म्हणत, हात पुसत बाहेर आल्या. "अहो, घरात कोणी आहे का तुमच्या? कोणासाठी वाजवताय?"

"वाजते का ही?" डॉक्टरांनी विचारलं.

"वाजते म्हणजे? माझ्या स्वयंपाकघरात ऐकू येते."

डॉक्टरांनी त्यांना खरं ते सांगून टाकलं. कसं कोण जाणे, पण कारखान्यातल्या कोणाला सांगायच्या आधी त्यांना सांगितलं. वहिनी दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होत्या. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा बदलत गेला.

"म्हणजे तुम्ही घरातच होतात?" त्या म्हणाल्या.

मग एकेक करून सगळं बाहेर आलं. त्या स्वतः कितीदा आल्या होत्या. खालच्या मजल्यावरचे लोक येऊन गेले होते. आत दिवा दिसायचा, माणूस आहे हे कळायचं, पण दार उघडायचं नाही. शेवटी सगळ्यांनी समजून घेतलं, की बायको गेल्यापासून यांना कोणी नको आहे; मग कशाला त्रास द्यायचा.

"हे पण यायचे," त्या म्हणाल्या. "आजारी पडल्यावरसुद्धा आले होते दोनदा. भिंतीला धरून धरून. मी म्हटलं, कशाला जाता, ते उघडत नाहीत. तर म्हणाले, उघडेल, त्याचा एक डाव माझ्यावर राहिलाय."

डॉक्टरांनी मान हलवली. मग ते काहीतरी बोलले असावेत, कारण वहिनींनी "नाही हो, तुमचा काय दोष" असं म्हटलेलं त्यांना ओठांवरून कळलं. त्यांनी कुलूप उघडलं. आत गेल्यावर त्यांनी बूटसुद्धा काढले नाहीत. शनिवारची सुट्टी त्यांनी कशी काढली हे त्यांनाही नंतर नीट सांगता आलं नसतं. रविवारी मुलीचा फोन आला तेव्हा त्यांनी तिला कानांचं सांगितलं, मास्तरांचं नाही.

सोमवारी कारखान्याचं काम सुरू व्हायच्या आधीच ते साहेबांच्या केबिनबाहेर उभे होते. साहेब आले, त्यांनी कुलूप उघडलं, दोघं आत बसले. डॉक्टरांनी कानाचा कागद टेबलावर ठेवला आणि त्या बुधवारी काय झालं ते सांगितलं: बाईने आवाज ओळखला होता, ओळखून विचारलं होतं, आणि चालू दे असं आपण म्हणालो.

साहेब कागदावरची रेघ बघत राहिले. "तिनं हे का नाही सांगितलं?"

"ते तिला विचारा. मी का नाही सांगितलं, ते मला विचारा."

साहेबांनी ते विचारलं नाही. ते उठून खिडकीशी गेले, परत आले. "डॉक्टर, दोन वर्षं राहिलीत तुमची. हे लिहून गेलं तर तुम्हाला प्रेसवर उभं करता येणार नाही मला. डाय पास करायची सही तुमच्याकडून काढून घ्यावी लागेल. तिला मी तोंडी समज देऊन सोडतो, कागद काढत नाही. कशाला अंगावर घेताय?"

"अंगावर घेत नाही, साहेब," डॉक्टर म्हणाले. "माझंच आहे ते."

साहेबांनी कोरा कागद पुढे सरकवला. डॉक्टरांनी सात ओळी लिहिल्या. अक्षर त्यांचं चांगलं होतं. शेवटी सही केली आणि खाली तारीख टाकली.

त्या आठवड्यात बऱ्याच गोष्टी झाल्या. बाई पुन्हा तीन नंबरवर बसली. डायमध्ये एक छोटा सेन्सर बसला. टिकली वर आली की तो प्रेस आपोआप थांबवणार होता. डॉक्टरांचं काम टूलरूममध्येच राहिलं: धार लावायची, सुटे भाग जुळवायचे, डाय तयार करून बाहेर द्यायची. पंचाच्या टोकाला या वेळी त्यांनी मधोमध बारीक खळगा पाडला, म्हणजे टिकली चिकटायला जागाच राहू नये. हात अजून पक्के होते. शेडमध्ये जायचं तर मात्र कानात बोळे घालून, असा साहेबांचा हुकूम होता, आणि डॉक्टरांनी तो निमूटपणे पाळला. आता वाचवण्यासारखं काही उरलं नव्हतं, तरी पाळला. लोक त्यांना डॉक्टर म्हणत राहिले, पण त्यातली गंमत गेली होती. म्हणताना ते जरा अवघडायचे.

शुक्रवारी दुपारी बाई टूलरूममध्ये आली. कामाचं काही नव्हतं. थोडा वेळ ती डॉक्टरांच्या हाताखालचं काम बघत उभी राहिली.

"तुम्ही उगाच लिहून दिलंत, काका," ती म्हणाली.

डॉक्टरांनी हातातलं काम खाली ठेवलं आणि तिच्या तोंडाकडे नीट बघत विचारलं, की त्या दिवशी बैठकीत तू गप्प का राहिलीस?

ती विचार करून बोलली. "मला टिक् ऐकू आली होती. स्वच्छ आली होती. तुम्ही नाही म्हणालात, तर मी म्हटलं, आपलंच चुकत असेल. मग साहेबांना काय सांगणार? ऐकू येऊनही मीच प्रेस चालू ठेवली ना."

"पुढच्या वेळी ऐकू आलं तर बंद कर," डॉक्टर म्हणाले. "मी समोर उभा असलो तरी. कोणीही असलं तरी."

"हो," ती म्हणाली. आणखी काहीतरी तिच्या मनात होतं, पण तेवढ्यात सुट्टी संपल्याची घंटा झाली असावी, कारण तिने मागे वळून पाहिलं आणि ती लगबगीने निघाली.

रविवारी डॉक्टरांनी सकाळी घर झाडलं. मुलीचा फोन आला. कानाचं यंत्र घ्यायला ती पुढच्या महिन्यात येणार होती. त्यांनी तिला सावकाश ये म्हणून सांगितलं. दुपारी जेवून ते थोडे आडवे झाले, पण झोप लागली नाही. चार वाजायच्या आधी उठून त्यांनी चहा टाकला. मग बाहेरचं दार सताड उघडलं आणि ते वाऱ्याने लागू नये म्हणून खाली टूलरूममधला एक जुना पोलादी ठोकळा ठेवला. खुर्ची दाराकडे तोंड करून ओढून घेतली.

जिन्यावरून माणसं जात-येत होती. वरच्या मजल्यावरचा एक गृहस्थ उघडं दार बघून थबकला, आत डोकावला, डॉक्टरांनी हात वर केला, त्यानेही केला आणि तो वर गेला. समोरच्या वहिनींच्या दाराला कुलूप होतं. त्या कुठेतरी बाहेर गेल्या असाव्यात. एक बाई पिशव्या घेऊन चढली, दम खायला पायरीवर टेकली आणि पुन्हा उठली. तिच्या पावलांचा आवाज डॉक्टरांना आला नाही. ती वळणावर दिसली तेव्हाच कळली.

सहा वाजेपर्यंत आत कोणी आलं नाही. जिन्यात अंधारून आलं तसे डॉक्टर उठले. त्यांनी रिकामा कप मोरीत ठेवला, खोलीतला दिवा लावला, आणि दार तसंच उघडं ठेवून ते परत खुर्चीत येऊन बसले.